मुलांना पैशाचा व्यवहार शिकवताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पालकांकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सोप्याकडून अवघडाकडे असा क्रम ठेवला असला तरी हवा तो प्रश्न आधी वाचायला हरकत नाही. उदाहरणांतलं ‘नाणं’ म्हणजे तुमच्याकडच्या चलनाचं कुठलंही सोयीचं एकक समजा.

१. मुलांच्या हातात पैसे द्यायला कोणत्या वयात सुरुवात करावी?

बहुतेक मुलांच्या बाबतीत पाचव्या-सहाव्या वर्षी. पण वाढदिवस मोजण्यापेक्षा तीन खुणा पाहा. वस्तू घेतली की पैसे द्यावे लागतात हे कळतं का? एकेका वस्तूवर बोट ठेवून दहापर्यंत न चुकता मोजता येतं का? आणि नाणं तोंडात घालायची सवय पूर्ण सुटली आहे का? तिसरी खूण सगळ्यात महत्त्वाची, कारण गिळलेलं नाणं घशात अडकतं.

या वयात नाणी एकाच किमतीची द्या. मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांनी दाखवलं होतं, की साधारण सहा-सात वर्षांपर्यंत मुलांना पसरून मांडलेली रांग जवळजवळ मांडलेल्या तेवढ्याच वस्तूंपेक्षा ‘जास्त’ वाटते. अशा मुलाला एका मोठ्या नाण्यापेक्षा पाच छोटी नाणी केव्हाही श्रीमंत करतात. किमतीतला फरक त्याला दोन वर्षांनी आपोआप कळतो, आत्ता घोकून घेण्यात अर्थ नाही.

पाचच्या आत पैसे देऊ नका, पण व्यवहारात हात लागू द्या. पैसे दुकानदाराच्या हातात देणं, सुटे परत घेणं, दोन वस्तूंपैकी एकच निवडणं, एवढं पुरे.

२. खाऊचे पैसे किती द्यावेत?

‘इतकं वय म्हणजे इतके पैसे’ असं सूत्र आम्ही सांगत नाही, कारण खर्च कोण काय करतं यावर रक्कम ठरते. आधी चार आठवडे एका कागदावर लिहा : मुलाच्या हट्टासाठी तुम्ही काय काय घेतलं आणि कितीला. त्यातल्या कोणत्या वस्तू यापुढे तो स्वतःच्या पैशाने घेणार, हे ठरवा. त्यांची आठवड्याची सरासरी काढा. समजा ती १० नाणी आली, तर त्यावर ४ साठवणीला आणि १ देण्याला, अशी आठवड्याला १५ नाणी द्या.

यातल्या खर्चाच्या १० नाण्यांनी तुमच्या खिशातून जाणाऱ्या पैशांत वाढ होत नाही. बदलतं ते एवढंच की निर्णय मुलाकडे जातो. आणि म्हणूनच त्या यादीतल्या वस्तू तुम्ही पुन्हा घेऊन द्यायच्या नाहीत. इथेच बहुतेक घरांत गाडं अडतं : खाऊचे पैसेही चालू आणि हट्टाची खरेदीही चालू.

रक्कम फार कमी असली तर साठवून काही हाती लागत नाही म्हणून मूल साठवायचंच सोडतं. फार जास्त असली तर निवड करावी लागत नाही. दोन हव्याशा वस्तूंपैकी एकच परवडावी, इतकी रक्कम नेमकी.

३. दर आठवड्याला द्यावेत की महिन्याला?

नऊ-दहा वर्षांपर्यंत आठवड्याला, मग पंधरवड्याला, आणि तेराव्या वर्षाच्या आसपास महिन्याला. थेट महिन्यावर उडी मारू नका. पहिल्या दोन महिन्यांत पैसे दहाव्या दिवशी संपणार हे गृहीतच धरा, त्यात बिघडलेलं काही नाही. वार एकच ठेवा. सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी दिलेले पैसे सुट्टीतच उडतात, म्हणून सुट्टी संपल्यावरचा दिवस बरा.

४. तीन बरण्यांची पद्धत नेमकी कशी करायची?

खर्च, साठवण आणि देणं, अशा तीन बरण्या. त्या पारदर्शक असाव्यात. बंद गल्ल्यात पैसे पडल्याचा आवाज येतो, पण वाढलेले दिसत नाहीत, आणि लहान मुलाला दिसणारी वाढच कळते. साठवणीच्या बरणीला कागदाची उभी पट्टी चिकटवा आणि दर आठवड्याला नाणी जिथवर आली तिथे रेघ मारा. वरच्या हिशेबाने १५ नाण्यांची वाटणी १०, ४ आणि १. वाटणी मुलाने स्वतःच्या हाताने करायची, म्हणून पैसे सुट्यांतच द्या. मोठी नोट दिली की ती आख्खी एकाच बरणीत जाते.

‘देणं’ची बरणी बहुतेक घरांत धूळ खाते, कारण कुणाला द्यायचं हेच ठरलेलं नसतं. बरणी ठेवण्याआधी मुलाला दिसेल असा एक घेणारा ठरवा : जखमी प्राण्यांची काळजी घेणारं केंद्र, वाचनालय, किंवा वर्गमित्राच्या वाढदिवसाची भेट. चौथी, पाचवी बरणी वाढवू नका. दहा वर्षांनंतर बरण्या जाऊन वही येते, ते प्रश्न १३ मध्ये पाहा.

५. मुलगी साठवायला लागते, पण मध्येच कंटाळते. काय चुकतं?

बहुतेक वेळा ध्येय लांबचं असतं. सहा वर्षांच्या मुलीला तीन-चार आठवडे, नऊ वर्षांच्या मुलीला दोन-तीन महिने आणि बारा वर्षांच्या मुलीला सहा महिन्यांपर्यंत धीर धरता येतो. आठवड्याला ४ नाणी पडत असतील तर सहा वर्षांच्या मुलीचं पहिलं ध्येय साधारण १६ नाण्यांचं हवं. वस्तू महाग असेल तर तुम्ही भर घाला : तिच्या प्रत्येक नाण्यामागे तुमचं एक. पण तुमचं नाणं तिचं पडल्यावरच पडायला हवं.

वस्तूचं चित्र काढून त्यावर १६ चौकोन आखले आणि नाण्यागणिक एक रंगवला, की किती उरलं हे विचारावं लागत नाही. आणि ती अर्ध्यावर असताना ‘किती शहाणी आहेस’ म्हणून तीच वस्तू भेट देऊ नका. प्रेमापोटी केलेली ही चूक साठवणीवरचा विश्वास एका दिवसात घालवते. मध्येच ध्येय बदललं तर बदलू द्या, बरणीतले पैसे नव्या ध्येयाला लागू होतात.

६. घरकाम केल्याचे पैसे द्यावेत का?

या प्रश्नावर सगळ्यात जास्त वाद होतात. आमचं मत असं : घरात राहणाऱ्या प्रत्येकाने करायची कामं बिनपैशाची. आपली ताटली उचलणं, अंथरुण आवरणं, दप्तर भरणं यांना मोल नाही. खाऊचे पैसेही या कामांना बांधायचे नाहीत, कारण ते व्यवहार शिकण्याचं साधन आहेत, मजुरी नव्हे. बांधले, तर एक दिवस मुलगा शांतपणे सांगेल, ‘मला या आठवड्यात पैसे नकोत, मी ताटली उचलणार नाही.’ त्याचं गणित बरोबरच असेल.

याखेरीज, बाहेरच्या माणसाला पैसे देऊन तुम्ही करून घेतलं असतं असं काम मात्र पैशाचं ठेवा : गाडी धुणं, माळा आवरणं, जुनी रद्दी लावणं. अशा तीन-चार कामांचा दर लिहून लावा. काम ‘झालं’ कधी म्हणायचं हेही आधी लिहा, उदाहरणार्थ ‘गाडी धुणे = बाहेरून, काचा पुसून, बादली जागेवर’. नाहीतर शेवटी अर्धवट कामाचे अर्धे पैसे द्यायचे की नाही यावर तासभर वाद होतो.

आधीपासून आवडीने होणाऱ्या गोष्टींना पैसे लावू नका. मानसशास्त्रज्ञ लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांच्या १९७३ च्या प्रयोगात चित्रं काढायला आवडणाऱ्या बालवाडीतल्या मुलांना बक्षिसाचं आमिष आधीच सांगितलं गेलं. नंतर बक्षीस नसताना तीच मुलं इतरांच्या मानाने निम्माच वेळ चित्रांकडे वळली.

७. आणि परीक्षेत चांगले गुण मिळाले तर पैसे द्यावेत का?

नाही. कारण प्रश्न ६ च्या शेवटी आहे. शिवाय गुण मुलाच्या पूर्ण हातात नसतात. आनंद साजरा करा, दरपत्रक लावू नका.

८. माझा मुलगा सगळे पैसे फालतू खेळण्यांवर उडवतो. अडवू का?

अडवू नका. हातातले पैसे चुकीच्या ठिकाणी घालवायची मुभा असेल तरच मूल त्यातून शिकतं, आणि दोन दिवसांत मोडणारं खेळणं ही सर्वांत स्वस्त शिकवणी. तीच चूक विसाव्या वर्षी कर्जावरच्या दुचाकीने होते.

मुभा म्हणजे मोकाट सुटणं नव्हे. काय घ्यायचं नाही याची छोटी यादी पैसे द्यायला लागण्याआधीच सांगून ठेवा : धोकादायक वस्तू, घरात चालत नाहीत अशा वस्तू, वयाला न शोभणारे खेळ. दुकानात उभं राहून नवा नियम काढायचा नाही. यादीत नसलेली, पण तुम्हाला न पटणारी वस्तू त्याला घेऊ द्यायची.

खरेदीआधी एकच वाक्य चालेल : ‘हे घेतलंस तर चेंडूला अजून तीन आठवडे थांबावं लागेल, चालेल ना?’ उत्तर ‘हो’ आलं की विषय संपला. खरं बोलणं आठवड्याने करायचं. खेळणं आता कुठे आहे? किती वेळा खेळलास? परत तेवढे पैसे असते तर हेच घेतलं असतंस? ‘मी सांगितलं होतं’ हे वाक्य गिळून टाका. ते ऐकलं की मूल खेळण्याचा विचार सोडून तुमच्याशी भांडण्याचा विचार करू लागतं. खेळणं मोडल्यावर नवं आणून देणं हा तर शिकवणीवर फिरवलेला बोळाच.

९. शिक्षा म्हणून खाऊचे पैसे कापले तर चालतं का?

उद्धटपणा, उशीर, अभ्यास न करणं यांसाठी कापू नका. दंड लावला की वागणुकीला किंमत चिकटते आणि ती परवडली की मूल बिनधास्त चुकतं. मोठ्यांचंही तसंच होतं. अर्थशास्त्रज्ञ नीझी आणि रुस्तिकिनी यांनी इस्रायलमधल्या हैफा शहरातल्या पाळणाघरांचा अभ्यास २००० साली प्रसिद्ध केला. मुलांना न्यायला उशिरा येणाऱ्या पालकांना दंड सुरू केल्यावर उशिरा येणारे कमी होण्याऐवजी जवळपास दुप्पट झाले. दंड काढून घेतल्यावरही ते पूर्वीइतके कमी झाले नाहीत.

अपवाद भरपाईचा. रागाच्या भरात वस्तू फोडली, तर तिच्या किमतीचा काही भाग मुलाने द्यावा. मात्र दर वेळच्या खाऊच्या पैशांतून एक तृतीयांशापेक्षा जास्त कापू नका आणि शेवटचा हप्ता कधी हे आधीच सांगा. सगळंच कापलं तर उरलेले आठवडे त्याच्याकडे व्यवहारच राहत नाही.

१०. पैसे मध्येच संपतात आणि तो उसने मागतो. द्यावेत का?

लहान मुलाला नाही. आठवडा संपायला तीन-चार दिवस असतात, तेवढी कळ सोसता येते. दहाच्या पुढे एखाद्या वेळी द्या, पण खऱ्या कर्जासारखे : एका वेळच्या खाऊच्या पैशांच्या निम्म्यापेक्षा जास्त नाही, कागदावर लिहून, परतफेडीचे आठवडे ठरवून. ६ नाणी दिली तर तीन आठवडे दोन-दोन, आणि शेवटी १ जास्तीचं. पहिलं फिटेपर्यंत दुसरं मिळत नाही. तुम्ही हळूच माफ केलंत, तर कर्ज फेडायचं नसतं हा धडा पक्का होतो.

शाळेत जायचं भाडं, वह्या, औषधं यांचे पैसे खाऊच्या पैशांत मिसळू नका, म्हणजे पैसे संपले तरी मूल अडकून पडत नाही.

११. ठरलेल्या दिवशी आम्हीच विसरतो. इतकं काय बिघडतं?

बरंच बिघडतं. थांबण्याची ताकद मुलाच्या स्वभावात असते असं आपण समजतो, पण समोरच्यावरचा भरवसाही तितकाच लागतो. संशोधक किड, पामेरी आणि अस्लिन यांच्या २०१३ च्या प्रयोगात तीन ते पाच वर्षांच्या मुलांना मोठ्या माणसाने आधी चांगले रंग आणून द्यायचं कबूल केलं. काहींना ते मिळाले, काहींना नाहीत. नंतर ‘थांबलास तर दुप्पट गोड मिळेल’ म्हटल्यावर शब्द पाळला गेलेली मुलं सरासरी १२ मिनिटं थांबली, फसवलेली मुलं ३ मिनिटं. फसवलेली मुलं अधीर नव्हती, शहाणी होती.

म्हणून महिनाभराचे सुटे एकदम आणून चार पाकिटांत भरून ठेवा. विसरलात तर दुसऱ्या दिवशी एक नाणं दंडासह द्या. हा दंड तुमचा, त्यामुळे प्रश्न ९ इथे लागू नाही!

१२. व्याज कसं समजावून सांगावं?

घरची बँक काढा. खऱ्या बँकेचा दर मुलाला दिसणार नाही इतका बारीक असतो, म्हणून महिन्याला ५ टक्के द्या. १०० नाण्यांची महिन्याने १०५ होतात, दुसऱ्या महिन्याने ११०.२५. इथे थांबून विचारा, हे वरचं पाव नाणं कुठून आलं? व्याजावर व्याज म्हणजे काय, ते या पाव नाण्यात आहे. वर्षभर हात लावला नाही तर १७९ पेक्षा जास्त होतात. नुसत्या मुद्दलावर व्याज दिलं असतं तर १६० झाली असती. व्याज मिळणाऱ्या रकमेला मर्यादा घाला, नाहीतर हुशार मूल आजोबांचे पैसे आणून ठेवतं.

चौदा-पंधराव्या वर्षी हेच उलटं दाखवा. क्रेडिट कार्डाच्या थकबाकीवर महिना ३ टक्के म्हणजे वर्षाला ३६ नव्हे, साडेबेचाळीसच्या वर. ७२ ला दराने भागलं की दुपटीचा काळ साधारण कळतो : ७२ भागिले ३, म्हणजे २४ महिन्यांत कर्ज दुप्पट.

१३. आमच्याकडे रोख वापरलीच जात नाही. मग मूल पैसे पाहणार कुठे?

दहा वर्षांपर्यंत मुलाचे व्यवहार मुद्दाम रोखीत ठेवा. स्क्रीनवरचा आकडा कमी होताना काही हातातून गेल्यासारखं वाटत नाही, हे मोठ्यांनाही कळतं, पण कार्ड पुढे केल्यावर.

तुम्ही मोबाइलवरून पैसे देताना मूल सोबत असेल तर मोठ्याने बोला : ‘खात्यात ८० होते, २५ गेले, ५५ उरले.’ नाहीतर फोन हा न संपणारा झरा आहे असा त्याचा समज होतो.

डिजिटल पैशाकडे जायची पायरी म्हणजे वही. चार रकाने : तारीख, कशासाठी, आले-गेले, शिल्लक. सलग तीन महिने वहीतली शिल्लक हातातल्या पैशांशी जुळली, की अकरा-बारा वर्षांच्या मुलाला मर्यादा घातलेलं कार्ड किंवा खातं द्यायला हरकत नाही. तिथे कर्जाची सोय बंद ठेवा, प्रत्येक व्यवहाराचा संदेश दोघांच्या फोनवर येऊ द्या आणि वही आणखी तीन महिने चालू ठेवा. सांकेतिक क्रमांक (पिन) मित्रालाही सांगायचा नाही. आणि पैसे मिळवण्यासाठी सांकेतिक क्रमांक लागत नाही. मागितला, तर तो फसवणारा, हे वाक्य तोंडपाठ करून घ्या.

१४. मुलाने गेममध्ये आमच्या कार्डावरून मोठी रक्कम घालवली. आता काय?

आधी ओरडू नका आणि गेम पुसू नका, खरेदीची काही नोंद त्यातही असते. पावत्यांचे स्क्रीनशॉट घ्या आणि त्याच दिवशी अॅपच्या दुकानाकडे परताव्याचा अर्ज करा. मुलाने परवानगीशिवाय केलेली खरेदी असं स्पष्ट लिहा. मग साठवलेलं कार्ड काढा आणि प्रत्येक खरेदीला पासवर्ड लागेल अशी सोय करा. ‘पंधरा मिनिटं पुन्हा विचारू नका’ हा पर्याय असेल तर बंद करा. त्या पंधरा मिनिटांत घोटाळे होऊ शकतात.

नंतर मुलासोबत बसून गेमचं दुकान उघडा. वस्तू ६५० रत्नांची, पण रत्नांची पाकिटं ५०० आणि १२०० ची. कुठलंही घ्या, काही रत्नं उरतात आणि उरलेली खर्चायला पुन्हा पाकीट लागतं. हे गणित मुलं चटकन पकडतात आणि चिडतात; चिडू द्या. आत काय निघेल ते न सांगणाऱ्या पेट्या तर जुगाराच्या जवळच्या. बेल्जियमने २०१८ मध्ये पैसे देऊन घ्यायच्या अशा पेट्या जुगाराच्या कायद्याखाली आणल्या.

परतावा मिळाला नाही तर मुलाचा वाटा प्रश्न ९ मधल्या मर्यादेतच ठेवा.

१५. तिने माझ्या पाकिटातून पैसे घेतले. चोर म्हणू का?

म्हणू नका. सहाच्या आत ‘तुझं-माझं’ पुरतं पक्कं नसतं. पैसे परत ठेवायला लावणं पुरेसं. मोठ्या मुलीला ‘घेतलेस का?’ असं खोटं बोलायची वाट दाखवून विचारू नका. ‘माझ्या पाकिटातल्या २० नाण्यांचा हिशेब लागत नाही, तू घेतलीस असं मला वाटतं. कशासाठी लागली?’ कारण कळेपर्यंत थांबा. कुणी धमकावून पैसे मागत असेल, तर प्रश्न पैशाचा नाहीच, आधी तो सोडवा. तसं नसेल तर पूर्ण रक्कम हप्त्यांनी परत. आणि घरातले पैसे वाटेल तिथे पडलेले असतील तर ती तुमची चूक.

१६. दोन भावंडांना सारखे पैसे द्यावेत का?

नाही, पण नियम सारखा. मोठीकडे खर्चाची यादी मोठी, म्हणून रक्कम मोठी. धाकट्याला ती यादीच दाखवा. जुळ्यांना सारखे, पण वेगवेगळ्या बरण्यांत.

१७. आम्ही आई-बाबा वेगवेगळ्या घरांत राहतो. शिवाय आजी गुपचूप पैसे देते. ताळमेळ कसा बसवायचा?

दोन घरांत सगळे नियम जुळणार नाहीत, त्याचा आग्रह सोडा. रक्कम एकाच घरातून द्या आणि प्रश्न २ मधल्या यादीतल्या वस्तू दुसऱ्या घराने घ्यायच्या नाहीत, एवढ्या दोनच गोष्टी लिहून ठरवा. बरण्या मुलासोबत फिरत नाहीत, वही फिरते.

आजीला मनाई करू नका. तिचे पैसे ‘अवचित आलेले’ म्हणून धरा : निम्मे साठवणीत, निम्मे मनासारखे. वाढदिवसाच्या पाकिटांनाही हाच नियम. मुलाच्या नावाने आलेली मोठी रक्कम घरखर्चात वापरलीत, तर ती उसनी घेतल्याचं त्याला सांगा आणि परत करा.

१८. मुलगा एकही नाणं खर्च करत नाही. चांगलंच ना?

दोन-तीन महिने असेल तर चांगलं. त्यापुढे मात्र पाहा, तो ध्येयासाठी साठवतोय की घाबरून? घरात पैशावरून भांडणं झाली, की काही मुलं बरणी उराशी धरतात. तिथे खर्चाचा आग्रह न करता प्रश्न १९ कडे वळा. भीती नसेल, तर त्याच्या यादीतली एखादी वस्तू यापुढे त्यानेच घ्यायची असं ठरवा. आपले पैसे राखून आई-बाबांचे खर्चायला लावणं म्हणजे काटकसर नाही.

१९. ‘तुला पगार किती?’ असं विचारलं तर काय सांगावं? आणि घरात ओढाताण असेल तर?

दहाच्या आत आकडा सांगून उपयोग नाही. कुठलाही आकडा त्यांना अफाट वाटतो आणि दुसऱ्या दिवशी वर्गात पोचतो. त्याऐवजी १०० नाणी मांडून दाखवा : एवढी घरभाड्याला, एवढी जेवणाला, एवढी प्रवासाला, आणि ही उरलेली. तेरा-चौदाव्या वर्षी खरी बिलं दाखवा.

ओढाताण लपवू नका, मुलं कुजबुज ऐकतातच. काय बदलणार आणि काय बदलणार नाही, दोन्ही सांगा : ‘सहा महिने बाहेरचं जेवण बंद. शाळा, घर, तुझा दवाखाना चालू.’ खाऊचे पैसे कमी करा, पण बंद करू नका. आठवड्याला थोडीच नाणी असली तरी वाटणीची सवय तीच राहते. आणि परवडत असलेल्या वस्तूला ‘पैसे नाहीत’ म्हणू नका. ‘यावर खर्च करायचा नाही असं ठरवलंय’ म्हणा.

२०. मुलाने मित्राला पैसे उसने दिले आणि ते परत आले नाहीत. काय करावं?

तुम्ही मित्राच्या घरी फोन करू नका, भरूनही देऊ नका. परत आले नाहीत तरी चालतील, एवढेच द्यायचे, हा नियम पुढच्या वेळेसाठी.

२१. मुलीला आकडेमोडीची अडचण आहे. तिला हे जमेल का?

जमेल, फक्त बेरीज-वजाबाकीवर उभं करू नका. ‘पुढची नोट’ ही युक्ती वापरा : किंमत ४३ असेल तर दशक बघायचा, ४, आणि त्यावर एक जास्त, म्हणजे दहाच्या पाच नोटा द्यायच्या. किंमत नेमकी ४० असली तरी पाचच. एक परत येते. पाकिटात दहाच्याच नोटा आणि वेगळ्या कप्प्यात परत आलेले सुटे. खर्चाच्या बरणीऐवजी आठवड्याच्या प्रत्येक दिवसाचं एक पाकीट करा. आजचं संपलं की आजचा खर्च संपला. कार्ड असेल तर त्यावर एका दिवसापुरतीच रक्कम ठेवा आणि पावती घरी आणायची सवय लावा, ती जुळवून पाहायचं काम तुमचं.